खाशाबा, बाळू आणि चौगुले इतिहासाच्या तासाला कधी येणार?

वळणवाट

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात २०१८ पासून 'खेळ आणि इतिहास' असा एक पाठ आहे. त्याच्या आगेमागे प्रसारमाध्यमांवर, मनोरंजनाच्या माध्यमांवर, पर्यटनावरही पाठ आहेत. आम्ही शिकलो तेव्हा इतिहास म्हणजे लढाया, तह, कायदे आणि चळवळी. त्यामुळे लेकीच्या पुस्तकात हा पाठ पाहून मला फार बरं वाटलं होतं. वर्गात काय शिकवलं विचारलं तर म्हणाली, "बाई म्हणाल्या, हा घरी वाचा, यावर टीप येते." संपला पाठ.

खेळाडूंना आपण सामान्यज्ञानात टाकून दिलंय. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणाचं? खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, कांस्य. बरोबर, एक गुण. पुढे त्या माणसाशी आपलं काही देणंघेणं उरत नाही. मला वाटतं, खेळाडूंची आयुष्यं ही देशाच्या इतिहासाची अस्सल साधनं आहेत. जातिव्यवस्था, परकी सत्ता, संस्थानांचं विलीनीकरण, फाळणी हे शब्द पुस्तकात येतात आणि मुलांच्या डोक्यावरून जातात. तेच एका माणसाच्या वाट्याला आलेलं दिसलं, की मूल आपणहून पुढचा प्रश्न विचारतं.

पालवणकर बाळूंचं घ्या. डावखुरे फिरकी गोलंदाज, जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळं लावायचं, आखणी करायची, हे त्यांचं काम. साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकायला हवा म्हणून बाळू तासन्‌तास गोलंदाजी करायचे. फलंदाजी मात्र त्यांना कोणी दिली नाही. हा तरुण साहेबांना सारखा बाद करतो ही बातमी शहरात पसरली आणि पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंपुढे पेच उभा राहिला. गोऱ्यांना हरवायचं तर हा गोलंदाज हवा. पण हा तर अस्पृश्य. मग तोडगा काय निघाला? मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावणार, पण चहाच्या सुट्टीत बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवायलाही वेगळं बसायचं.

या एका मातीच्या भांड्यावर मी पूर्ण तास घेईन. अकरा जण एका बाजूने खेळतायत, त्यांचा चेंडू एक, विजय एक, आणि पंधरा मिनिटांच्या सुट्टीत त्यातला एक जण दाराबाहेर. अस्पृश्यता म्हणजे काय याची कुठलीही व्याख्या यापुढे फिकी आहे.

पुढचं तर आणखी महत्त्वाचं. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघाचा दौरा सुमारच झाला, पण बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढं करून हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ मध्ये, बऱ्याच वादावादीनंतर. बाळूंची सही १९३२ च्या पुणे करारावर आहे. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसने उभे केलेले उमेदवार हेच बाळू. आंबेडकर निवडून आले. क्लबातल्या रोलरपासून पुणे करारापर्यंत एकच आयुष्य पसरलेलं आहे, आणि आपल्या मुलांना हे नावही माहीत नाही.

आता खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले आणि सहावे आले. त्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा मात्र पैशासाठी दारोदार फिरावं लागलं. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांनी ऐकली असेल. तिचा अर्थ आपण 'गुरू असावा तर असा' एवढाच लावतो. मला त्यात आणखी एक दिसतं. या दोन ऑलिंपिकच्या मधे, १ मार्च १९४९ ला, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मल्लांना, गवयांना पोसणारा दरबार गेला होता, आणि त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. त्या मधल्या पोकळीत एका मास्तरांचं घर गेलं गहाण. संस्थानांचं विलीनीकरण हा धडा मी याच घरापासून सुरू करीन.

तुम्हाला कधी खेळातून, रेडिओतून, सिनेमातून आपल्या देशाचा इतिहास असा भेटलाय का? सविस्तर लिहा.


खडूफळा

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. आधी आमच्या बाजूने सांगतो: हा पाठ पुस्तकात शेवटी शेवटी येतो. तोवर पूर्वपरीक्षा तोंडावर असते. पर्यवेक्षक विचारतात 'किती पाठ झाले', 'मुलांना काय कळलं' असं कोणी विचारत नाही. तेव्हा त्या बाईंवर राग धरू नका.

पण तुमचं म्हणणं पटलं, कारण मी हे थोडंफार करून बघतो. माझी हुकमी तारीख म्हणजे १५ ऑगस्ट १९३६. फळ्यावर एवढंच लिहितो. पोरं ओरडतात, "सर, चुकलं, ४७!" मग सांगतो की त्या दिवशी बर्लिनमध्ये हॉकीचा अंतिम सामना झाला. खरं तर आदल्या दिवशी व्हायचा, पावसाने एक दिवस पुढे गेला. समोर जर्मनी, त्यांच्याच देशात, हिटलरच्या राजवटीत. भारताने ८-१ ने हरवलं, कर्णधार ध्यानचंद. सामन्याआधी संघाच्या खोलीत सहायक व्यवस्थापक पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केलं. मैदानावर मात्र संघ ब्रिटिश इंडियाचा. इथे थांबायचं. "मग ते कोणासाठी खेळत होते?" हा प्रश्न मी विचारत नाही, वर्गातूनच येतो.

त्याच संघात अली इक्तिदार शाह दारा नावाचे खेळाडू होते. बर्लिनला पोचल्यावर सराव सामन्यात भारत जर्मनीकडून हरला, म्हणून दारांना घाईने बोलावून घेतलं होतं. आता बारा वर्षं पुढे या. लंडन, १९४८. तेच दारा पाकिस्तानचे कर्णधार! एका माणसाने दोन देशांसाठी खेळायचं, आणि तेही आपलं गाव न सोडता, हे मुलांना आधी समजतच नाही. मी नकाशा लावतो, फाळणीची सीमा, म्हणजे रॅडक्लिफची रेघ दाखवतो. मग भारताच्या बाजूचे केशव दत्त. हे लाहोरचे, फाळणीत इकडे आले. १२ ऑगस्ट १९४८ ला वेम्बलीच्या चिखलात भारताने ग्रेट ब्रिटनला ४-० ने हरवलं, त्या संघात ते होते. स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते, आणि समोर कोण? ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं तेच. बलबीर सिंगांचे दोन गोल. आपल्या गोलजाळ्यात मुंबईचे लिओ पिंटो.

फाळणीत किती लोक विस्थापित झाले हा आकडा मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. दारा आणि दत्त मात्र विसरत नाहीत. एक माजी विद्यार्थी बाजारात भेटला, आता ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे, त्याने मला नमस्कार करून पहिलं वाक्य म्हटलं, "सर, दारा!"


सांजदिवा

वर क्रिकेट फारसं आलं नाही म्हणून लिहिते. माझ्या वडिलांच्या पिढीला १९७१ म्हणजे दोन गोष्टी: डिसेंबरातलं युद्ध आणि ऑगस्टातली, लंडनच्या ओव्हल मैदानावरची कसोटी. आमच्या घरी या दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या जायच्या, आणि लहानपणी मला वाटायचं की त्या एकमेकींना जोडलेल्याच आहेत. मोठेपणी कळलं की मनाने त्या खरंच जोडलेल्या होत्या. त्या वर्षी वेस्ट इंडीजमध्ये आपण पहिल्यांदा मालिका जिंकलो, सुनील गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा काढल्या. मग इंग्लंडमध्येही पहिला कसोटी विजय आणि मालिका. कर्णधार अजित वाडेकर, आपल्या दादरचे.

ओव्हलचा शेवटचा दिवस २४ ऑगस्ट, आणि ती गणेश चतुर्थी. घरात गणपती बसलेला आणि बाजूला ट्रान्झिस्टर. वडील म्हणायचे, आरती झाली, पण सगळ्यांचे कान दुसरीकडे होते. चंद्रशेखरांनी आदल्या दिवशी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं होतं. पोलिओने अधू झालेला उजवा हात, आणि त्याच हाताने ही गोलंदाजी. जिंकायला १७३ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सुरुवातीलाच वाडेकर धावचीत झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपले. जिंकल्यावर त्यांना उठवावं लागलं. त्या दिवशी लंडनच्या भारतीयांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. गणपतीच्या दिवशी ओव्हलवर हत्ती! माझे वडील हे सांगताना अजून हात जोडतात.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठीतून क्रिकेट ऐकायची सवय आपल्याला बाळ ज. पंडितांनी लावली. तोवर समालोचन म्हणजे इंग्रजी. शेतात, गिरणीत, गोठ्यात काम करणाऱ्या माणसाला क्रिकेट त्याच्या भाषेत कळायला लागलं ते आकाशवाणीच्या मराठी समालोचनामुळे. छापील बाजू वि. वि. करमरकरांनी सांभाळली. वर्तमानपत्रात खेळाला स्वतःचं पान असावं हा आग्रह त्यांचा. लोक एखाद्या गोष्टीला 'आपली' कधी म्हणू लागतात याचा इतिहास लिहायचा असेल तर या दोघांशिवाय लिहिता येणार नाही.


दगडी पाटी

धागा आवडला, पण माझा सूर थोडा वेगळा आहे आणि तो इथे यायला हवा.

खेळातून इतिहास शिकवताना विजयाचाच इतिहास शिकवला जातो. १९३६, १९४८, १९७१, १९८३, सगळ्या जिंकल्याच्या तारखा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानकडून ७-१ ने हरलो, ते कोण शिकवणार? त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. घराघरात नवीन रंगीत संच आले आणि त्यावर देशाने ही हार पाहिली. तोही इतिहासच. आणि आता तर सिनेमा आहे. सिनेमाला शेवटी झेंडा वर जाताना दाखवायचाच असतो, त्यामुळे मुलांना वाटतं की इतिहास नेहमी तिथेच पोचतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. खेळाने माणसं जोडली जातात असं आपण सहज म्हणतो. मुंबईच्या मैदानांवर अनेक वर्षं काय चाललं होतं? युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम असे धर्मावर बेतलेले संघ. चौरंगी म्हणायचे त्याला. १९३७ मध्ये त्यात 'शेष' नावाचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी झाली. देशात मुस्लिम लीग आणि हिंदू महासभेचं राजकारण तापलेलं असताना स्टेडियममध्ये हजारो लोक धर्माच्या नावाने ओरडत होते. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेविरुद्ध स्पष्ट मत दिलं. तरीही ती आणखी काही वर्षं चालूच राहिली, १९४६ मध्ये कायमची थांबली.

म्हणून म्हणतो, खेळ शिकवाच, पण त्याने देशप्रेमाचं इंजेक्शन द्यायचं असेल तर नको.


वळणवाट

दगडी पाटी, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. पंचरंगीबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दन्‌शब्द मान्य. पण बघा, तुम्हीही जमातवादाचं राजकारण समजावून सांगायला एक क्रिकेट स्पर्धाच निवडलीत, आणि ते माझ्यापर्यंत लगेच पोचलं. माझी मागणी हीच तर आहे.

त्यात एक भर घालतो. 'शेष' संघात कोण खेळत होतं? सांगलीचे विजय हजारे. ते ख्रिश्चन, म्हणून हिंदू संघात नाहीत, मुस्लिम संघात नाहीत, पारशी नाहीत. ज्यांना कुठेच जागा नाही त्यांच्या संघात. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाविरुद्ध 'शेष'च्या दुसऱ्या डावात एकूण ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटे भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली आणि त्यात विवेक यांच्या धावा २१. बाकीच्या संघाची पडझड सुरू असताना हा माणूस तासामागून तास उभा आहे. धर्माच्या खान्यांत माणसं बसवायला निघालं की 'शेष' नावाचं एक खातं काढावंच लागतं, आणि त्यात हजारेही येतात. तरी सामना हिंदू संघानेच जिंकला. तेव्हा ही हरल्याचीच गोष्ट आहे, आणि मला ती १९८३ च्या विजयाइतकीच शिकवावीशी वाटते.

हाच माणूस पुढे स्वतंत्र भारताचा कर्णधार झाला आणि भारताचा पहिला कसोटी विजय १९५२ मध्ये मद्रासला त्याच्याच नेतृत्वाखाली मिळाला. नऊ वर्षांत 'शेष'मधून देशाच्या कर्णधारपदापर्यंत. संविधान लागू होऊन दोन वर्षं झाली होती.

सिनेमाबद्दल थोडं वेगळं मत. पेठ-इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले जवान. १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये, हायडेलबर्गला, पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा कुठे देशातल्या घराघरात नाव पोचलं. आपल्या शाळांना, वर्तमानपत्रांना, आपल्याला जे एवढ्या वर्षांत जमलं नाही ते एका चित्रपटाने केलं. चित्रपट अपुरा असेल, पण तो पाहून आलेल्या मुलाला पुढचं सांगणारं कोणी नसेल तर दोष चित्रपटाचा नाही.


लाल माती

आमच्या घरात तीन पिढ्या तालमीत गेल्या. खाशाबांबद्दल वाचून राहवलं नाही.

पदक सगळे सांगतात, हेलसिंकीच्या मॅटवर काय झालं ते कमी लोक सांगतात. बँटमवेट, फ्रीस्टाईल. जपानच्या शोहाची इशीबरोबर कुस्ती लांबली, पंधरा मिनिटं झुंज चालली आणि खाशाबा गुणांवर हरले. लगेच पुकारा झाला की सोव्हिएतच्या रशीद मामेदबेकोव्हबरोबर उभे राहा. नियमाने दोन कुस्त्यांच्या मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेला मल्ल तसाच उभा राहिला आणि हरला. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

ज्यांनी आखाड्यात दम तुटणं अनुभवलंय त्यांना कळेल. पंधरा मिनिटांच्या कुस्तीनंतर बोटांत पकड राहत नाही, दंड थरथरतात, डोळ्यांपुढे काजवे येतात. त्या अवस्थेत ताज्या पैलवानापुढे उभं राहायचं. त्यातून आपल्या मल्लांची सवय लाल मातीची. पाय रुतवून जोर काढायचा हे मातीत शिकलेलं, मॅटवर पाय सरकतो, सगळे अंदाज बदलतात. खाशाबा चपळाईच्या जोरावर टिकले.

दुसऱ्याच दिवशी हॉकीत आपण सुवर्ण जिंकलो आणि देशाचं लक्ष तिकडे गेलं. कराडला मात्र बैलगाड्या जुंपून मिरवणूक निघाली. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवायला मदत केली, असं आमच्याकडे वडीलधारे सांगतात. १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं अटलांटाचं कांस्य. चव्वेचाळीस वर्षं तो माणूस एकटा होता त्या यादीत, आणि त्यातली बत्तीस वर्षं जिवंत होता. त्या बत्तीस वर्षांत देशाने त्यांना विचारलं नाही, याचा मला आजही राग येतो.

१५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. चांगलंच आहे. त्या दिवशी शाळांनी प्रतिमेला हार घालून न थांबता ही विश्रांतीची गोष्ट सांगावी. 'आपला अधिकारी का नव्हता?' हे मुलांना शोधू द्यावं.


खडूफळा

लाल माती, हे उद्या वर्गात जसंच्या तसं वाचून दाखवणार. परवानगी आहे असं धरतो.

शीर्षकातल्या चौगुल्यांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. १९१९ मध्ये पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा तिथे होते. शेतकरी घरातली पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा पाहून चकित झाले. मग त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांकडे शब्द टाकला, पैशाची बाजू सांभाळली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. मॅरेथॉनची तारीख २२ ऑगस्ट १९२०. टिळक गेले १ ऑगस्टला, असहकाराची चळवळ त्याच दिवशी सुरू झालेली. सगळा देश सरकारशी सहकार्य सोडायच्या तयारीत, आणि बेळगावचा एक तरुण सरकारमान्य संघातून बेल्जियमच्या रस्त्यावर बेचाळीस किलोमीटर पळतोय. महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली, बेल्जियम अजून सावरतोय. हे तीन धागे एकत्र ओवून दाखवले तर नववीचं मूल १९२० साल कधी विसरणार नाही.


खो देणारी

इतका वेळ वाचतेय आणि या गोष्टींत एकही बाई खेळाडू आली नाही. म्हणून आले.

मी खो-खो खेळायचे, जिल्हा पातळीपर्यंत. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास डेक्कन जिमखान्यातच बसवले गेले, म्हणजे ऑलिंपिकचा संघ जिथून निघाला त्याच संस्थेत. हे वर आलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, महिला आणि पुरुष दोन्ही भारताने जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्राचे. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि खूप रडले. आम्ही शाळेच्या मैदानात खांब रोवून खेळायचो. खांबाला वळसा घालताना तळहाताची सालं निघायची. आठवीनंतर अर्ध्या मुली घरच्यांनी बंद केल्या. 'आता मोठी झालीस' एवढंच कारण. त्या मुली का थांबल्या हा सामाजिक इतिहास आहे की नाही? तो कुठल्या पाठात येतो?

क्रिकेटचंच बघा. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली, संघ फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. त्या काळच्या खेळाडूंनी सांगितलंय की विनाआरक्षण डब्यात बसून जायचं, शाळेच्या खोल्यांत जमिनीवर झोपायचं, किट दोघी-तिघींत मिळून वापरायचं. क्रिकेट नियामक मंडळाने (बीसीसीआय) महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतलं ते २००६ मध्ये. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला. सलामीला आपल्या सांगलीची स्मृती मंधाना. त्या दिवशी पुण्यापासून नवी मुंबईपर्यंतचं अंतर मी मोजत होते, आणि ते द्रुतगती मार्गाने मोजता येत नव्हतं.

बुद्धिबळात खाडिलकर भगिनी आहेत. १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती खाडिलकर विजेत्या. पुढे रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा त्यावर आक्षेप घेतला गेला होता. पटावर बसायचा हक्क मागावा लागला! २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकते तेव्हा तिच्यामागे या बहिणी उभ्या आहेत.

वळणवाट, तुमची लेक काही खेळते का?


वळणवाट

खो देणारी, खेळते. लांब उडी. यंदा दहावी म्हणून सराव बंद करावा असा सल्ला आम्हाला नातेवाइकांकडून आणि क्लासकडूनही मिळाला. बंद केलेला नाही. तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. तळहाताची सालं निघाल्याचं वाचून तिने स्वतःच्या टाचा दाखवल्या.

आणि तुम्ही म्हणता ते खरं, शीर्षकात एक बाई हवी होती.

एक काम सुचतंय. खडूफळा सरांनी तारखा दिल्यात, त्यांच्यासारख्या शिक्षकांना वापरता येतील अशा एकेका पानाच्या गोष्टी आपण लिहूया. एक खेळाडू, एक प्रसंग, आणि त्या वेळी देशात काय चाललं होतं. शेवटी मुलांसाठी एखादाच प्रश्न, ज्याचं उत्तर पुस्तकात सापडणार नाही. बाळूंचं पान मी लिहितो. लाल माती, खाशाबांचं तुमच्याकडे. सांजदिवा, तुमच्या वडिलांना ओव्हलच्या दिवसाबद्दल आणखी विचारा, शक्य असेल तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. पंचरंगीचं पान दगडी पाटींनी लिहावं असा माझा आग्रह आहे.


दगडी पाटी

लिहितो. हजाऱ्यांपासून सुरू करतो. एशियाडच्या हॉकीचंही एक पान हवं, तेही घेतो.


सांजदिवा

बाबांशी बोलले. त्यांना आरतीच्या वेळेचा धावफलक अजून पाठ आहे. विजयी फटका अबिद अलींचा, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. रविवारी बसून सगळं लिहून घेते.


खडूफळा

पानं आली की आधी 'ब' तुकडीत वापरून बघतो. तिथली मुलं कंटाळली तर तोंडावर सांगतात. खो देणारी, शाळेच्या मैदानातल्या त्या मुलींचं पान तुम्ही लिहा, नावं न घेता. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना ते लागेल.